टपालवाहू वैमानिक जाँ मेर्मोझ

सन १९११ च्या फेब्रुवारी महिन्याची १८ वी तारीख. अलाहाबाद येथें त्या वेळीं एक मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्या प्रदर्शनाच्या मैदानांतून आंरी पेके नांवाच्या तेवीस वर्षांच्या एका फ्रेंच तरुणानें सुमारें साडेसहा हजार पत्रांचा भार आपल्या विमानांत घेतला, यमुनेवरून उड्डाण केलें, आणि पलीकडील नैनी येथें तो नेऊन उतरविला. अंतर अवघें सहा मैलांचें. परंतु सरकारी टपाल विमानानें नेण्याचा जगांतील हा पहिला प्रसंग होय. त्या पत्रांवर जें जादा शुल्क घेतलें, तें अलाहाबादच्या मिशनरी मंडळींनीं चालविलेल्या एका विद्यार्थिवसतिगृहास देण्यांत आलें. एका वसतिगृहाच्या निधीकरितां झालेला हा सहा मैलांचा प्रवास पुढें पंचवीस वर्षांत वाळवंटें, पर्वत व महासागर ओलांडून जाणार आहे, हें त्या दिवशीं यमुनेच्या तीरावर जमलेल्या लोकांच्या स्वप्नींही आलें नसेल.

वैमानिक म्हटला कीं युद्धांत पराक्रम गाजविणारा वीर आमच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो. माल व टपाल वाहणारा वैमानिक हाही वीर असूं शकतो, असें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्याच्या विमानांत टाळ्या वाजविणारे उतारू नसतात; असतात त्या थैल्या. कोणा व्यापाऱ्याची हुंडी, कोणा आईचें पत्र, कोणा मुलाच्या परीक्षेचा निकाल. या थैल्या वेळेवर पोंचविण्यासाठीं आपला जीव पुनःपुन्हां पणास लावणारा जाँ मेर्मोझ याचें चरित्र आम्ही या लेखांत सांगणार आहों. तें सांगतांना एक प्रश्न आमच्या मनांत सतत घोळत राहिला आहे. कागदाच्या एका तुकड्यासाठीं माणसानें मरणाच्या दारीं जावें, हें शहाणपणाचें काय? वाचकांनींही हा प्रश्न मनांत ठेवूनच पुढें वाचावें अशी आमची विनंती आहे.

मेर्मोझ याचा जन्म ९ डिसेंबर १९०१ रोजीं फ्रान्सच्या उत्तर भागांतील ओबाँतों या लहानशा गांवीं झाला. तो अगदीं लहान असतांनाच त्याचे आईबाप विभक्त झाले, व त्याचें बहुतेक बालपण आजोळीं, आजी-आजोबांच्या कडक शिस्तींत गेलें. मुलगा अबोल, लाजाळू व चित्रें काढण्यांत रमणारा होता. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध पेटलें व शत्रूचें सैन्य त्या प्रांतांत शिरलें, तेव्हां तो आजी-आजोबांबरोबर दूर ओरियाक येथें गेला. आई युद्धकाळांत परिचारिकेचें काम करीत होती. पुढें मायलेकरें पॅरिसमध्यें पुन्हां एकत्र आलीं. मुलगा शाळेंत जाऊं लागला, परंतु शेवटच्या परीक्षेंत तो नापास झाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहों. ज्या मुलांस परीक्षेच्या निकालानें आयुष्य संपल्यासारखें वाटतें, त्यांनीं ती लक्षांत ठेवावी.

१९२० मध्यें त्यानें चार वर्षांच्या बोलीनें सैन्यांत नांव नोंदविलें व विमानदळ पसंत केलें. त्यास विमानाचें विशेष वेड होतें असें नाहीं. आईच्या परिचयांतील एका गायकानें सुचविलें, म्हणून त्यानें तो मार्ग धरिला. दक्षिण फ्रान्समधील इस्त्र येथील शाळेंत शिकतांना अपघात नित्याचेच होते. मेर्मोझही एकदां विमानासह आपटला. तथापि १९२१ मध्यें त्यानें परवाना मिळविलाच. नंतर त्याची रवानगी सीरियांत झाली. तेथें वाळवंटावरून शेंकडों तास उडत असतां त्यास उन्हाची, तहानेची व एकलेपणाची ओळख झाली. एकदां यंत्र बंद पडून त्यास वाळूंत उतरावें लागलें व कित्येक मैल पायीं चालून माणसांची वस्ती गांठावी लागली. मात्र फ्रान्समध्यें परतल्यावर बराकींतील जीवनाचा त्यास वीट आला आणि १९२४ च्या वसंतांत, मुदत संपतांच, त्यानें लष्करी पोषाख उतरविला.

आतां नोकरीचा शोध सुरू झाला. मेर्मोझजवळ सहाशें तासांचा उड्डाणाचा अनुभव होता, वय बावीस वर्षांचें होतें, शरीर धट्टेंकट्टें होतें. परंतु महायुद्ध संपल्यावर बेकार झालेले वैमानिक पॅरिसमध्यें ढिगांनीं पडले होते. त्यानें विमानाच्या कारखान्यांकडे व कंपन्यांकडे अर्जांवर अर्ज पाठविले. बहुतेकांचें उत्तरच आलें नाहीं, व आलें तें नकाराचें. जवळचे पैसे संपले. लिफाफ्यांवर पत्ते लिहिण्याची मजुरी त्यानें केली, मोटारी धुतल्या, रात्रीचा पहारा केला. कित्येक दिवस उपाशीं काढले. आईस मात्र तो आपली खरी स्थिति कळूं देत नसे. ज्याच्या नांवानें पुढें फ्रान्समधील शाळा व रस्ते ओळखले जावयाचे होते, तो तरुण त्या उन्हाळ्यांत शिळ्या पावाच्या तुकड्यास मोताद झाला होता.

शरद ऋतूंत एक पत्र आलें. तें दक्षिणेकडील तुलूज शहरांतून, लातेकोएर कंपनीकडून आलें होतें. प्येर-जॉर्ज लातेकोएर हा कारखानदार महायुद्धांत सैन्यासाठीं विमानें बांधीत असे. युद्ध संपत आलें तसा त्यानें विचार केला कीं, आतां हीं विमानें टपाल वाहण्याच्या कामीं लावावीं. तुलूजपासून स्पेनवरून मोरोक्को, तेथून पश्चिम आफ्रिकेंतील डाकार, आणि शेवटीं महासागरापलीकडे दक्षिण अमेरिका, असा एक अखंड मार्ग निर्माण करावा. जाणत्या लोकांनीं ही कल्पना वेडगळ ठरविली. परंतु १९१८ च्या नाताळाच्या दिवशीं कंपनीचें पहिलें विमान पिरेनीज पर्वत ओलांडून बार्सिलोनास पोंचलें, पुढील वर्षीं टपाल मोरोक्कोंत जाऊं लागलें, आणि १९२५ च्या जून महिन्यांत डाकारपर्यंतचा मार्ग खुला झाला.

या कंपनीच्या वैमानिकांवर दिदिये दोरा नांवाचा अधिकारी होता. तो स्वतः महायुद्धांत लढला होता, जखमी झाला होता, व बोलण्यांत अत्यंत तुटक होता. मेर्मोझ ऑक्टोबर १९२४ मध्यें तुलूजजवळील माँतोद्राँ येथील मैदानावर त्याच्यापुढें उभा राहिला, तेव्हां आपली सहाशें तासांची नोंदवही पाहून साहेब प्रसन्न होतील, अशी त्याची समजूत होती. दोरानें ती वही चाळली व त्यास यंत्रशाळेंत धाडलें. तेथें त्याच्या हातीं विमान नव्हे, तर तेलकट चिंध्या व घासावयाचा ब्रश आला. यंत्रांचीं नळकांडीं सोडा घातलेल्या गरम पाण्यांत धुवावयाचीं, घासावयाचीं, पुसावयाचीं, व पुन्हां जोडण्यास मदत करावयाची, हेंच त्याचें काम. असे दिवसामागून दिवस गेले. हातांची सालें निघालीं. कित्येक उमेदवार याच पायरीवर कंटाळून निघून जात. परंतु ज्या यंत्रावर उद्यां आपला जीव व टपाल अवलंबून राहणार, त्याचा प्रत्येक भाग वैमानिकाच्या बोटांस माहीत असला पाहिजे, असा दोराचा कटाक्ष होता. वाळवंटांत उतरावें लागल्यास तेथें कोणता कारागीर भेटणार?

अखेर परीक्षेचा दिवस आला. मेर्मोझ विमानांत बसला. आजवर दडवून ठेविलेलें सारें कौशल्य आतां दाखवावें, असें त्यानें ठरविलें. त्यानें विमान सरळ वर नेलें, कलथें केलें, गिरक्या घेतल्या, भोंवऱ्यासारखें खालीं आणलें, आणि मोठ्या डौलानें जमिनीवर उतरविलें. खालीं उभे असलेले इतर उमेदवार थक्क झाले. दोरा मात्र तेथून निघून गेला होता. मेर्मोझ त्यास शोधीत गेला, तेव्हां त्यास थंडपणें सांगण्यांत आलें कीं, येथें सर्कशींतील कसरतपटूंची गरज नाहीं. अशा माणसांनीं दुसरीकडे जावें. मेर्मोझचा चेहरा रागानें लाल झाला. तो सामान बांधावयास निघाला. तेवढ्यांत दोरानें त्यास परत बोलाविलें व पुन्हां उडण्यास सांगितलें. परंतु या वेळीं फक्त दोनशें मीटर उंच जावयाचें, सावकाश मोठें वळण घ्यावयाचें, दुरून सरळ रेषेंत येऊन हलकेंच उतरावयाचें. मेर्मोझनें अभिमान गिळला व सांगितलें तेवढेंच केलें. त्यास नोकरी मिळाली.

या प्रसंगाचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. दोरा निष्ठुर होता, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु त्याच्या डोळ्यांपुढें विमान नव्हतें, थैली होती. लोकांचीं पत्रें ज्याच्या स्वाधीन करावयाचीं, तो किती चमकतो हें पाहण्यापेक्षां तो किती भरंवशाचा आहे हें पाहणें अधिक अगत्याचें. गिरक्या घेणाऱ्याचें कौतुक एक दिवस होतें. सरळ जाऊन सरळ येणाऱ्यावर लोक वर्षानुवर्षें विसंबतात.

आतां या नोकरींतील नित्यक्रम कसा होता तें पाहूं. वैमानिक तुलूजमधील ग्राँ बाल्कों नांवाच्या साध्या खाणावळवजा हॉटेलांत राहत. तें हॉटेल कांहीं बहिणी चालवीत व या तरुणांची घरच्यासारखी काळजी घेत. पहांटे अंधारांत उठून मैदानावर जावयाचें, थैल्या मोजून घ्यावयाच्या, कातड्याचा कोट व चष्मा चढवावयाचा, आणि आकाश कसेंही असो, निघावयाचें. विमान असे महायुद्धांतून उरलेलें ब्रेगे जातीचें, एकाच यंत्राचें. बसण्याची जागा उघडी असल्यानें पाऊस, बर्फ व वारा थेट तोंडावर येई. बिनतारी संदेशाची सोय आरंभीं नव्हती. खालची जमीन पाहून वाट ओळखावयाची. म्हणून जुने वैमानिक नव्यांस नकाशा पुढें घेऊन कोणत्या शेताच्या कडेस ओढा आहे, कोणत्या माळावर झाडें आड येतात, संकटांत कोठें उतरतां येईल, हें तोंडपाठ करवून घेत. टपालास उशीर झाला कीं दोरा कारण ऐकून घेत नसे. वादळ हें कारण मानलें, तर रोजच एखादें वादळ सांपडेल, हें त्यास ठाऊक होतें. आणि अशा दिवशीं कोणी वैमानिक परतला नाहीं, तर रात्रीं जेवणाच्या मेजावर त्याची खुर्ची रिकामी राही. दुसऱ्या दिवशींचें टपाल दुसरा कोणी घेऊन जाई. या मार्गावर पुढें शंभराहून अधिक माणसें कामीं आलीं, हा आंकडा आम्ही येथें जड अंतःकरणानें लिहीत आहों.

१९२६ मध्यें मेर्मोझची नेमणूक कासाब्लांका ते डाकार या भागावर झाली. येथें एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस सहारा. वाळूचीं वादळें उठलीं कीं क्षितिज नाहींसें होई. पण त्याहून मोठें भय माणसांचें होतें. या किनाऱ्यावरील मूर टोळ्या परकी सत्तेशीं झगडत होत्या; त्यांच्या हातीं सांपडलेल्या वैमानिकास कैद होई, प्रसंगीं मरणही येई. म्हणून विमानें शक्य तों जोडीनें जात व बरोबर एक दुभाष्या असे. त्याच वर्षीं मेर्मोझचें यंत्र बिघडलें, तो वाळवंटांत उतरला व मूरांच्या तावडींत सांपडला. त्यांनीं त्यास उंटावर बांधून आपल्या छावण्यांतून फिरविलें. शेवटीं कंपनीनें खंडणी भरून त्याची सुटका केली. सुटल्यावर तो कांहीं दिवसांनीं काय करीत होता? त्याच मार्गावर टपाल नेत होता. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत त्याचे सहकारी एराब्ल व पिंतादो हे त्या वाळवंटांत मूरांकडून मारले गेले आणि तिसरा सहकारी गूर्प हा जखमांनीं मेला. सुटका सर्वांच्याच नशिबीं नव्हती.

१९२७ मध्यें कंपनी ब्वियू-लाफों नांवाच्या धनिकाकडे गेली व तिचें नांव एरोपोस्ताल असें झालें. मेर्मोझ दक्षिण अमेरिकेंतील मार्गाचा मुख्य वैमानिक म्हणून तिकडे गेला. १ मार्च १९२८ पासून तुलूज ते ब्युनॉस आयर्स हा टपालमार्ग सुरू झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत विमान, मध्यें महासागरावर वेगवान जहाज, आणि ब्राझीलच्या नाताल बंदरापासून पुन्हां विमान अशी ती योजना होती. परंतु येथें एक अडचण पुढें आली. विमान दिवसां जें मिळवी, तें रात्रीं थांबून गमावी. कारण आगगाडी व जहाज रात्रींही चालतच. तेव्हां रात्रींही उडावें, याखेरीज गत्यंतर नव्हतें. त्या काळीं हें आत्महत्येसारखें मानीत. एप्रिल १९२८ मध्यें मेर्मोझनें स्वतः रात्रीं टपाल नेऊन दाखविलें. उतरण्याच्या मैदानावर पेट्रोलचे डबे पेटवून ठेवीत. त्या ज्वाळांच्या आधारें तो विमान खालीं आणी. त्यानें प्रथम स्वतः केलें, मगच इतरांस करावयास सांगितलें. वरिष्ठानें कनिष्ठांस कसें शिकवावें याचा याहून चांगला धडा आम्हांस माहीत नाहीं.

ब्युनॉस आयर्सच्या पश्चिमेस चिली देश आहे आणि दोहोंच्या मध्यें अँडीज पर्वताची भिंत उभी आहे. तिचीं कांहीं शिखरें साडेसहा हजार मीटरांहून उंच आहेत. मेर्मोझचें विमान इतकें वर चढूंच शकत नसे. म्हणून दऱ्याखोऱ्यांतून वाट काढावी लागे. मार्च १९२९ मध्यें तो आपला विश्वासू यंत्रज्ञ आलेक्सांद्र कोलनो यास घेऊन वाट शोधावयास निघाला. अचानक खालीं ओढणाऱ्या वाऱ्याच्या झोतांत विमान सांपडलें व सुमारें चार हजार मीटर उंचीवरील एका अरुंद सपाटीवर जाऊन आदळलें. चोहोंकडे कडे व बर्फ. खालीं उतरण्यास वाट नाहीं. प्यावयास पाणी नाहीं. कडाक्याच्या थंडींत कोलनोनें मोडलेलीं चाकें व फुटलेल्या नळ्या तारा, चिंध्या व डिंक यांनीं जोडून काढल्या. बोटें बधिर होत होतीं, पातळ हवेंत श्वास पुरत नव्हता. विमानांतील नको ती प्रत्येक वस्तु त्यांनीं काढून फेंकली. मग मेर्मोझनें त्या सपाटीच्या उतारावरून विमान सोडलें. तें कड्याच्या टोंकावरून खालीं झेंपावलें, एका खडकाळ पायरीवर आपटून उसळलें, पुन्हां आपटलें, आणि अखेरीस पंखांखालीं हवा सांपडून दरींतून बाहेर निघालें. ते दोघे चिलींतील कोप्यापो येथें सुखरूप उतरले. सर्कशीची कला नको म्हणून ज्यास एकदां फटकारलें गेलें, त्याच मेर्मोझला या दिवशीं आपलें सारें कौशल्य उपयोगी पडलें. परंतु आतां तें दाखविण्यासाठीं नव्हतें. त्याच वर्षींच्या जुलै महिन्यांत अँडीजवरून नियमित टपाल सुरू झालें. त्याचा मित्र गियोमे यानें हा मार्ग पुढें अनेक वेळां ओलांडला. या मंडळींपैकींच सेंत-एक्झ्युपेरी हा पुढें लेखक म्हणून जगप्रसिद्ध झाला.

आतां उरला महासागर. जहाजामुळें पत्रांचे कित्येक दिवस पाण्यावर जात होते. मेर्मोझनें विमानानें अटलांटिक ओलांडण्याचें ठरविलें. समुद्रावर उतरतां येईल अशा विमानाचा परवाना त्याच्याजवळ नव्हता, म्हणून हा नामांकित वैमानिक पुन्हां विद्यार्थी झाला व रीतसर परीक्षा देऊन तो परवाना त्यानें मिळविला. १२ मे १९३० रोजीं, दाब्री हा दिशादर्शक व जिमिये हा बिनतारी संदेशवाहक यांस बरोबर घेऊन, तो सेनेगालमधील सेंट लुईहून निघाला. विमानास एकच यंत्र, खालीं तरंगण्यासाठीं दोन नावा, आणि आंत सुमारें १३० किलो टपाल. विषुववृत्ताजवळ खलाशी ज्यास काळें भांडें म्हणत, तो ढगांचा व निर्वाताचा पट्टा लागला. आकाशास टेकलेले पाण्याचे खांब उभे, वर घनदाट मेघ, खालीं काळा समुद्र. उष्म्यानें जीव कासावीस होत असतां मेर्मोझ त्या खांबांमधून विमान नेत राहिला. सुमारें ३१०० किलोमीटरांचा प्रवास साधारण २१ तासांत पुरा करून १३ मे रोजीं ते ब्राझीलमधील नाताल येथें उतरले. फ्रान्समधून निघालेलें टपाल समुद्रावर जहाजाची मदत न घेतां प्रथमच दक्षिण अमेरिकेंत पोंचलें.

परंतु ही कथा विजयाचीच आहे असें वाचकांनीं समजूं नये. जुलै महिन्यांत परतींच्या प्रवासांत यंत्रांतील तेल गळूं लागलें व मेर्मोझला भर समुद्रांत विमान उतरवावें लागलें. जवळ असलेल्या कंपनीच्या जहाजानें माणसांस वांचविलें, टपालाच्या थैल्याही वांचविल्या; विमान मात्र ओढून नेत असतां बुडालें. पुढें १९३१ मध्यें एरोपोस्ताल कंपनीचें दिवाळें निघालें. जीं माणसें वादळांस नमलीं नव्हतीं, त्यांचें काम हिशेबाच्या वह्यांनीं अडविलें. मेर्मोझ अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिला. जानेवारी १९३३ मध्यें कूझिने या तरुण अभियंत्यानें बांधलेल्या इंद्रधनुष्य नांवाच्या तीन यंत्रांच्या विमानानें त्यानें महासागर साडेचवदा तासांत ओलांडला, व त्यामुळें लोकांचा विश्वास परत आला. त्याच वर्षीं एरोपोस्ताल व इतर कंपन्या मिळून एअर फ्रान्स ही संस्था अस्तित्वांत आली.

आतां मेर्मोझ कीर्तीच्या शिखरावर होता. त्यास कचेरींतील मोठा हुद्दा मिळाला. शेवटच्या वर्षांत तो राजकारणांतही शिरला, व फ्रान्समधील एका कडव्या राष्ट्रवादी पक्षाचा उपाध्यक्ष झाला. त्याच्या त्या मतांविषयीं त्याच्या देशांतही तीव्र मतभेद होते, हें सांगितल्यावांचून चरित्र पुरें होणार नाहीं. परंतु विमान त्यानें सोडलें नाहीं. ज्या विमानांत आपण इतरांस बसवितों, त्यांत आपणही बसलें पाहिजे, असा त्याचा नेम होता. फेब्रुवारी १९३६ मध्यें महासागरावर एक टपालविमान नाहींसें झालें. त्यांत कोलनो होता. अँडीजच्या बर्फांत ज्याच्या बधिर बोटांनीं मेर्मोझचा जीव वांचविला, तो मित्र गेला. त्या दिवसापासून मेर्मोझ अधिक अबोल झाला.

त्याच वर्षीं ७ डिसेंबर रोजीं पहांटे तो डाकारहून दक्षिण क्रूस नांवाच्या चार यंत्रांच्या मोठ्या जलविमानांतून निघाला. हें विमान महासागर अनेकदां ओलांडून आलेलें होतें. थोड्याच वेळांत एका यंत्राच्या पंख्यांत बिघाड दिसून आला व तो परत फिरला. यंत्रज्ञांनीं दुरुस्ती केली. दुसरें विमान तयार नव्हतें. टपाल खोळंबलें होतें. मेर्मोझ पुन्हां निघाला. सकाळीं पावणेअकराच्या सुमारास किनाऱ्यावरील बिनतारी केंद्रास एक छोटा संदेश आला कीं, मागील उजवें यंत्र बंद करीत आहों. त्यानंतर शांतता. पिशोदू, एझां, क्रुव्हेय्ये व लाव्हिदाली या चार सोबत्यांसह तो समुद्रांत नाहींसा झाला. शोध पुष्कळ झाला. हातीं कांहीं लागलें नाहीं. दोन दिवसांनीं त्यास पस्तिसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. त्याची आई त्यानंतर पुष्कळ वर्षें जगली व मुलाची स्मृति तिनें जतन केली.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. एका पत्राची किंमत एका माणसाच्या प्राणाइतकी असूं शकते काय? आमचें प्रामाणिक उत्तर असें आहे कीं, नाहीं. कोणतेंही एक पत्र तितकें मोलाचें नाहीं. आईच्या दुःखापुढें व्यापाऱ्याची हुंडी काय होय? ७ डिसेंबर रोजीं टपाल एक दिवस थांबलें असतें, तर जगाचें कांहीं बिघडलें नसतें, हेंही आम्हांस नाकारतां येत नाहीं. दोराची कडक शिस्त आम्हांस पटते, परंतु तिचें मोल कोणी दिलें, हें विसरणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

तथापि मेर्मोझ एका पत्रासाठीं उडत नव्हता. पत्र टाकणाऱ्या मनुष्यास तें पोंचेल असा जो निश्चिंत भरंवसा वाटतो, त्या भरंवशासाठीं तो उडत होता. तो भरंवसा एका दिवसांत निर्माण होत नाहीं, आणि एका दिवसांत मोडूं मात्र शकतो. आपल्या देशांतही १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं एकाच यंत्राच्या लहानशा विमानांतून कराचीचें टपाल अहमदाबादमार्गें मुंबईस, जुहूच्या मैदानावर आणलें, आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें पुढें मद्रासकडे नेलें. त्या सेवेचा लौकिकही वेळेवर पोंचण्यावरच उभा राहिला. आज विमानें प्रचंड झालीं आहेत, वाट दाखविणारीं यंत्रें सूक्ष्म झालीं आहेत, व रात्रींच्या आकाशांतून जाणारा मालवाहू वैमानिक डब्यांत पेटविलेल्या पेट्रोलकडे पाहून उतरत नाहीं. परंतु त्याच्या मागें अजूनही टाळ्या वाजविणारे उतारू नसतात, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांस त्याचें नांव ठाऊक नसतें.

आमच्या शाळेच्या दारीं येणाऱ्या टपालवाल्याकडून पत्र घेतांना तें कसें आलें असा विचार आम्हीं पूर्वीं कधीं केला नव्हता. हें चरित्र वाचल्यापासून तो विचार मनांत येतो. आणि ज्यांस पुढें वैमानिक व्हावयाचें आहे, अशा आमच्या बांधवांस आम्ही इतकेंच सुचवूं कीं, अँडीजवरील उड्डाणाचें चित्र भिंतीवर लावण्यापूर्वीं माँतोद्राँच्या यंत्रशाळेंतील त्या सोललेल्या हातांचें चित्र मनांत लावावें. मेर्मोझचें मोठेपण तेथें घडलें.